बेडकाचे काचघर

मृग नक्षत्र लागून पहिली दमदार सर कोसळली म्हणजे बालाघाटाच्या डोंगररांगांपासून गोदावरीच्या काठापर्यंत आपल्या बीड जिल्ह्यात एका रात्रीत मोठे नवल घडून येते. आदल्या दिवसापर्यंत भेगाळलेल्या जमिनीवर ज्यांचा मागमूसही नव्हता, असे शेकडो बेडूक डबक्याडबक्यांतून एकाच वेळी ओरडू लागतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांचे एक संपूर्ण सूक्त आहे; उलटपक्षी पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशावर आलेल्या पीडांपैकी दुसरी पीडा बेडकांचीच होती. एके ठिकाणी स्तुतीस आणि दुसऱ्या ठिकाणी पीडेस कारण झालेला हा प्राणी मुलांच्या मात्र निव्वळ कौतुकाचा विषय असतो. पाऊस सुरू झाला की शाळेत येणाऱ्या दप्तरांतून पुस्तकांबरोबर बेडकांच्या बाटल्याही येऊ लागतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने असेच तीन चिमुकले बेडूक बाटलीत घालून आणले. प्रत्येक बेडूक अंगठ्याच्या नखापेक्षा थोडासा मोठा असेल. बाटलीचे झाकण घट्ट लावलेले होते. धडा अर्ध्यावर आला होता, म्हणून आम्ही त्यास म्हणालो, "मधल्या सुट्टीपर्यंत खिडकीत ठेव, मग सर्वांस दाखवू." मधल्या सुट्टीत सर्व मुले गोळा झाली, तेव्हा खिडकीवर ऊन आले होते आणि तिन्ही बेडूक मेलेले होते. तो मुलगा काही बोलला नाही; परंतु त्याचे डोळे भरून आले. चूक त्याची थोडी व आमची अधिक होती. त्याला जे ठाऊक नव्हते, ते आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहिला आहे.

घरी काचेच्या पेटीत लहान बेडूक पाळता येतात काय, असा प्रश्न त्यानंतर अनेक मुलांनी आम्हांस विचारला. इतर अनेक देशांत हा छंद पुष्कळ लोक करतात. परंतु तो कसा करावयाचा आणि आपल्या बीडसारख्या मुलखात करावा की नाही, हे समजण्यासाठी प्रथम एकच गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ती म्हणजे बेडकाची त्वचा.

बेडकास फुप्फुसे असतात हे खरे. परंतु तो केवळ फुप्फुसांवर विसंबून राहत नाही. त्याची त्वचा पातळ, ओलसर व बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली असून तीतूनही प्राणवायू आत घेतला जातो व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकला जातो. त्वचा ओली असेल तोवरच हा व्यवहार चालतो. शिवाय बेडूक आपल्याप्रमाणे तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या खालच्या बाजूस असलेल्या त्वचेने तो ते शोषून घेतो. म्हणून ओल्या मातीवर नुसता बसूनही त्याची तहान भागते. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, त्वचा सुकली तर बेडूक जगत नाही. दुसरी ही की, त्वचेस जे लागेल ते त्याच्या अंगात जाते. मग ते पाणी असो, साबण असो की कापसावर फवारलेले औषध असो.

बेडूक जितका लहान, तितका हा धोका मोठा. गुळाचा एक मोठा खडा आणि तेवढ्याच वजनाचे फोडलेले लहान खडे वेगवेगळ्या पाण्यात टाकून पाहा. लहान खडे आधी विरघळतात, कारण वजनाच्या मानाने त्यांचा अधिक पृष्ठभाग पाण्यास लागतो. त्याचप्रमाणे लहान बेडकाच्या अंगात पाणी थोडे आणि त्या मानाने त्वचा पुष्कळ. म्हणून तो लवकर सुकतो व लवकर तापतो. बंद बाटलीत हवा थोडी होती, काचेतून आलेल्या उन्हाने ती तापली आणि लपावयास एक पानही नव्हते. त्या तीन जीवांचा अंत का झाला, हे आता निराळे सांगावयास नको.

काचेच्या पेटीची युक्ती मूळची वनस्पतींसाठी निघाली. सुमारे १८२९ साली लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टराने एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचे रोप उगवलेले त्यास दिसले. मातीतील पाण्याची वाफ वर जाई, काचेवर तिचे थेंब होत आणि ते पुन्हा मातीत उतरत. बाटलीच्या आत जणू एक लहानसे पर्जन्यचक्रच चालू होते. पुढे वॉर्डच्या पेट्यांतून रोपे समुद्रापार जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, तीही अशाच पेट्यांतून. याच पेटीत जाळीचे झाकण बसवून हवा खेळती ठेवली, म्हणजे बेडकाचे काचघर तयार होते.

आता हे घर कसे रचावे ते पाहू. तीन-चार लहान बेडकांसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी पुरते. जमिनीवर राहणाऱ्या बेडकांस तळाची जागा अधिक लागते आणि झाडांवर चढणाऱ्यांस उंची अधिक लागते. तळाशी दोन इंच जाडीचा स्वच्छ धुतलेला खडा किंवा विटांचे तुकडे पसरावे, म्हणजे जास्तीचे पाणी तेथे उतरते व माती कुजत नाही. त्यावर मच्छरदाणीचा तुकडा अंथरावा. त्यावर दोन-तीन इंच माती घालावी. ही माती शेतातील नसावी, कारण शेतात खते व फवारणी झालेली असते. नारळाच्या काथ्याचा भुसा तीत मिसळल्यास ओल टिकते. सर्वांत वर वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा. हा थर दिसावयास ओबडधोबड असला तरी तोच बेडकाचे खरे घर होय. ज्यास लपावयास जागा नाही, तो बेडूक भीतीने खाणे सोडतो. एका कोपऱ्यात मनीप्लांटची फांदी व एखादे नेचे लावावे, आणि फुटक्या माठाची एक खापरी उपडी ठेवावी. पाण्यासाठी उथळ बशी ठेवून तीत एक दगड टाकावा, म्हणजे बेडकास सहज बाहेर येता येते.

पाण्याविषयी विशेष जपावे लागते. नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी ब्लीचिंग पावडर घालतात; ती आपणांस हितकारक असली तरी बेडकाच्या त्वचेस अपायकारक असते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. साठविलेले पावसाचे पाणी मिळाले तर उत्तमच. सकाळ-संध्याकाळ पेटीत बारीक तुषार मारावे, बशीतील पाणी रोज बदलावे आणि पेटी कधीही उन्हात ठेवू नये. बेडकास विनाकारण हात लावू नये. हाताचा घाम, मीठ, साबण व तेल ही सर्व त्यास बाधतात. उचलणे भागच पडले तर हात नुसत्या पाण्याने स्वच्छ धुऊन ओले ठेवावे, आणि काम झाल्यावर मात्र साबणाने धुवावे, कारण बेडकाच्या अंगावरील जंतूंनी आपले पोट बिघडू शकते.

अन्नाची गोष्ट याहून कठीण आहे. बेडूक मेलेला कीटक बहुधा खात नाही. जे हलते तेच त्यास अन्न म्हणून दिसते. लहान बेडकांस अगदी बारीक कीटक लागतात. त्यांच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा कीटक देऊ नये, असा अनुभवी लोकांचा नियम आहे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी बारीक चिलटे यासाठी सोयीची असतात. बरणीत केळे ठेवून, चिलटे आत शिरल्यावर तिच्या तोंडास कापड बांधले, तर पंचवीस अंशांच्या आसपास उष्णतामान असताना दहा-बारा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते. पालापाचोळ्यातील टुणकन उडणारे सूक्ष्म कीटक, वाळवी व रातकिड्यांची नुकती जन्मलेली पिल्ले हेही चालतात. मात्र कपाशीच्या वा सोयाबीनच्या शेतातून कीटक आणू नयेत; फवारणीचे विष कीटकातून बेडकात जाते. हाडांच्या पोषणासाठी कीटकांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागते. बेडूक कीटक गिळताना डोळे मिटतो हे तुम्ही पाहिले असेल. तो चवीने डोळे मिटत नाही. त्याचे डोळे आत दबून घास घशाखाली ढकलण्यास साह्य करतात.

येथवर वाचून एखाद्यास वाटेल की, हे तर सोपे आहे. परंतु खरी अडचण यापुढे आहे. काचघरात पाळले जाणारे बहुतेक लहान बेडूक उष्ण प्रदेशातील सदाहरित अरण्यांतले असतात. उष्ण प्रदेश म्हटला की आपणांस चैत्र-वैशाखातील बीड आठवते. पण त्या अरण्यांत झाडांच्या दाट सावलीमुळे जमिनीजवळ वर्षभर गारवा व ओल असते. तेथील बेडकांस साधारण बावीस ते सव्वीस अंश सेल्सिअस इतकीच उष्णता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. माठ जसा पाझरलेले पाणी उडून गार होतो, तसा ओल्या गोणपाटाने पेटीभोवती गारवा आणता येतो. तथापि घरास कुलूप लावून दोन दिवस लग्नास गेले आणि गोणपाट वाळले, तर परत आल्यावर काय दिसेल याची कल्पना करवत नाही.

मग आपले गावरान बेडूक हा उन्हाळा कसा काढतात? ते त्याच्याशी झुंजत नाहीत, जमिनीत जातात. आपल्याकडील बिळे खणणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायाच्या तळव्याशी फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरीत तो पाठमोरा जमिनीत उतरतो आणि पावसाची वाट पाहत महिनेच्या महिने स्वस्थ पडून राहतो. या गटातील एका जातीस २०१७ साली महाराष्ट्रातील संशोधकांनी पश्चिम या शब्दावरून नाव दिले. आपल्या पायांखालच्या बेडकांची ओळख अजून पुरी झालेली नाही, हे यावरून दिसते. पावसाळी डबक्यात ओरडणारा, जेमतेम इंचभर लांबीचा व टोकदार तोंडाचा एक बेडूक आहे. त्याचा आवाज अंगाच्या मानाने इतका मोठा की, तो शोधू जाता मनुष्य चकतो. त्याची अंडी पाण्यावर पातळ पापुद्र्यासारखी तरंगतात आणि पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. झाडावर चढणारा, बोटांच्या टोकांस गोल गाद्या असलेला बेडूक न्हाणीघरात व टाकीवर पुष्कळांनी पाहिला असेल. तो पाण्याच्या वर पानास वा भिंतीस फेसाचे घरटे चिकटवून त्यात अंडी घालतो. पिल्ले वाढली म्हणजे फेसातून सुटून खालच्या पाण्यात पडतात.

या आपल्या बेडकांस पकडून पेटीत कोंडावे काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राणी पकडणे, बाळगणे व विकणे यांवर बंधने घातलेली आहेत. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी खाण्यासाठी पाठविल्या जात. त्यापायी मोठ्या बेडकांची अतोनात हत्या झाली आणि अखेर १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. बेडूक कमी झाले की पिकांवरील कीटक खाणारा एक बिनपगारी राखणदार कमी होतो, हे शेतकऱ्याच्या घरच्या मुलांस समजावून सांगावयास नको.

मग परदेशी बेडूक विकत घ्यावे काय? मध्य व दक्षिण अमेरिकेतील काही चिमुकले बेडूक लाल, निळ्या, पिवळ्या अशा भडक रंगांचे असतात. त्यांतील काहींच्या त्वचेत इतके जहाल विष असते की, कोलंबियातील आदिवासी शिकारी बाणाचे टोक त्यांच्या पाठीवर घासून घेत. नवल असे की, पेटीत जन्मलेल्या व चिलटांवर वाढलेल्या त्याच बेडकांत ते विष नसते. कारण ते त्यांस रानातील मुंग्या व सूक्ष्म किडे यांच्या आहारातून मिळते. म्हणजे पेटीत बेडूक तोच राहतो, पण त्याचे रान हरवते. यांपैकी अनेक जाती आंतरराष्ट्रीय करारातील यादीत असून, २०२२ मध्ये आपल्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची सरकारकडे नोंद करणे आवश्यक झाले आहे. म्हणून पालकांनी वन विभागाच्या कार्यालयात विचारपूस केल्यावाचून असा प्राणी विकत घेऊ नये.

याहून मोठा धोका रोगाचा आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका बुरशीस १९९९ साली शास्त्रीय नाव मिळाले. ती त्वचेतून होणारी पाण्याची व क्षारांची देवघेव बिघडवते, आणि शेवटी बेडकाचे हृदय बंद पडते. या बुरशीमुळे जगातील सुमारे ५०० उभयचर जातींची संख्या घटली व ९० जाती नष्ट झाल्या असाव्या, असा अंदाज २०१९ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. बेडकांच्या व्यापाराने तिच्या प्रसारास हातभार लागला. यास्तव विकत आणलेला बेडूक, त्याचे पाणी किंवा त्याच्या पेटीतील माती विहिरीत, ओढ्यात किंवा शेतात कधीही टाकू नये. दया म्हणून केलेली ती सुटका गावातील साऱ्या बेडकांच्या जिवावर बेतू शकते.

तर मग मुलांच्या हौसेचे काय? आमची सूचना अशी. काचघर अवश्य करावे, पण पहिले तीन महिने ते बेडकावाचून चालवावे. नेचे जगते काय, माती कुजत नाही ना, उन्हाळ्यात पेटीतील पारा कोठवर चढतो, हे रोज वहीत टिपून ठेवावे. ज्यास तीन महिने मुक्या झाडाची निगा राखता येत नाही, त्याने जिवंत प्राण्याचा भार घेऊ नये. आणि बेडकासाठी काचेची भिंत नसलेले घर करावे. अंगणाच्या किंवा शाळेच्या बागेच्या सावलीतील कोपऱ्यात एक उथळ सिमेंटचे टोपले जमिनीत बसवावे, पावसाच्या पाण्याने भरावे, कडेस दगडांचा उतार करावा, भोवती ओली माती व पाला ठेवावा, आणि वाट पाहावी. आसपास बेडूक असतील तर ते आपण होऊन येतील.

पालकांस येथे दोन शंका येतील. पहिली डासांची. दर तीन-चार दिवसांनी पाणी पाहून, डासांच्या अळ्या दिसल्यास चहाच्या गाळणीने काढून टाकाव्या. त्यांचा डास होण्यास बहुधा आठवडाभर लागतो, तेव्हा एवढी दक्षता पुरे. गप्पी मासे मात्र सोडू नयेत, ते बेडकाची अंडी व पिल्लेही खातात. दुसरी शंका सापाची. ती खोटी नाही. म्हणून टोपले दारापासून दूर ठेवावे, जवळ विटांचा वा सरपणाचा ढीग ठेवू नये आणि रात्री तेथे दिव्यावाचून जाऊ नये.

ज्या मुलाचे तीन बेडूक मेले, त्यानेच आमच्या शाळेच्या बागेत असे टोपले बसविले. श्रावणात त्यात पारदर्शक पिल्ले दिसू लागली. शेपटीच्या या पिल्लांस भैकेर म्हणतात. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट आखडत गेली. आणि एके दिवशी नखाएवढा बेडूक दगडावर चढून बसलेला सर्व वर्गाने पाहिला. मध्ये पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली, तेव्हा हा मुलगा रविवारीही येऊन आपल्या घागरीतले पाणी टोपल्यात ओतून जाई. बाहेरच्या डबक्यांतील पिल्ले त्या उघडिपीत डबक्यांबरोबरच सुकून गेली.

पाऊस लांबला म्हणजे आपल्या भागात धोंडी काढण्याची चाल आहे. कडुनिंबाच्या पाल्याने झाकलेल्या मुलाच्या अंगावर घरोघरी पाणी ओततात, आणि कोठे कोठे काठीस जिवंत बेडूक बांधूनही मिरवितात. बेडूक व पाऊस यांचे नाते आपल्या पूर्वजांनी नेमके ओळखले होते, यात शंका नाही. परंतु बांधलेल्या बेडकाने पाऊस येत नाही; त्याची त्वचा मात्र उन्हाने सुकते. पुढील मृगात ज्यांस बेडकाचे कौतुक करावयाचे असेल, त्यांनी बाटली घरी ठेवावी आणि एक घागर पाणी घेऊन यावे, अशी आमची विनंती आहे. जागा आम्ही दाखवू.